बीपी कमी असताना बीपीच्याच गोळ्या का? हार्ट फेल्युअरमधली हार्मोन्स आणि रक्ताभिसरण

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ६२. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, आणि आता टू-डी इकोमध्ये पंपिंग ३० टक्के आलंय. पायांवर सूज आहे, दहा-बारा पायऱ्या चढल्या की धाप लागते, रात्री सपाट झोपवत नाही. बीपी ११०/७० असतं, तरी चिठ्ठीवर बीपीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन गोळ्या आहेत. शुगर नसताना शुगरची एक गोळी आहे, शिवाय लघवीची. डॉक्टर घाईत "ही औषधं हार्मोन्ससाठी आहेत" एवढंच म्हणाले. पंप कमजोर झाला तर अंगात पाणी का वाढावं, आणि हार्मोन्सचा इथे काय संबंध, असं तुम्ही विचारलंय.

संबंध फार जवळचा आहे. तो नीट समजला की ती चिठ्ठीही समजते आणि गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हृदय कमजोर झालंय, यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात, हे खरंच. पण आज तुमच्या वडिलांच्या अंगात जे पाणी साठलंय, त्यात त्या कमजोरीइतकाच, किंबहुना जास्त, वाटा कमजोरीवर शरीर करत असलेल्या उपायांचा आहे. शरीराची समजूत अशी होते की कुठून तरी रक्त वाहून चाललंय. मग रक्तस्रावात जे जे करायचं ते सगळं ते इथे करतं, आणि थांबतच नाही. पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवणाऱ्या बहुतेक औषधांचं काम ही समजुतीतली चूक आवरणं हे आहे. हृदयाला जोर देणारी औषधं ती नव्हेत.

आधी त्या ३० टक्क्यांबद्दल, कारण घरोघरी त्याचा अर्थ "हृदय फक्त ३० टक्के चालतंय" असा घेतला जातो. निरोगी हृदयाचं पंपिंगही १०० टक्के कधीच नसतं; ते साधारण ५५ ते ७० असतं. डाव्या खालच्या कप्प्यात समजा १२० मिलिलिटर रक्त भरलं आणि ठोक्यागणिक ७० बाहेर गेलं, तर ते ५८ टक्के झालं. कमजोर झालेला कप्पा हळूहळू ताणून मोठा होतो. त्यात २०० मिलिलिटर भरलं आणि ६० बाहेर गेलं, की झाले ३० टक्के. म्हणजे विश्रांतीच्या वेळी बाहेर पडणारं रक्त फारसं कमी झालेलं नसतं. फरक दोन ठिकाणी पडतो. ठोका संपल्यावर कप्प्यात १४० मिलिलिटर रक्त उरतं, त्यामुळे फुफ्फुसांकडून येणाऱ्या नव्या रक्ताला जास्त दाबाविरुद्ध आत शिरावं लागतं आणि तो दाब मागे फुफ्फुसांपर्यंत चढतो. दुसरं म्हणजे जिना चढताना, भरभर चालताना निरोगी हृदय दर मिनिटाला बाहेर जाणारं रक्त कितीतरी वाढवू शकतं. या हृदयाकडे ती शिल्लक नसते.

आता शरीराला हे कळतं कसं ते पाहू. गळ्यातल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण मोजणारे संवेदक असतात. धमनीची भिंत किती ताणली गेली, एवढंच ते मेंदूला कळवतात. एकूण रक्त किती आहे हे त्यांना ठाऊक नसतं. शरीरातलं बहुतेक रक्त शिरांमध्ये असतं, धमन्यांत थोडंच. हार्ट फेल्युअरमध्ये शिरा तुडुंब भरलेल्या असतात, एकूण रक्तही वाढलेलं असतं, पण धमन्यांच्या बाजूला भराव कमी पडतो. संवेदक कळवतात: ताण कमी आहे. मेंदूपर्यंत पोचणारा हा निरोप जखमेतून रक्त वाहताना जातो तसाच असतो. लाखो वर्षं माणसाच्या धमन्या रित्या पडण्याची कारणं जखम, जुलाब, तहान हीच होती. त्यांवरचा उपायही ठरलेला: ठोके वाढव, रक्तवाहिन्या आवळ, मीठ आणि पाणी धरून ठेव. काही तासांसाठी, फार तर काही दिवसांसाठी हे जीव वाचवणारं आहे. हार्ट फेल्युअरमध्ये ते महिनोन्‌महिने चालतं, आणि तिथेच बिघडतं.

सगळ्यात आधी, काही सेकंदांत, धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या सिम्पथेटिक नसा जाग्या होतात आणि नॉरॲड्रिनॅलिन हे हार्मोन सुटतं. ठोके वाढतात. त्वचा, स्नायू, आतडी, मूत्रपिंडं यांच्याकडचं रक्त कमी करून मेंदू आणि हृदयाकडे राखलं जातं. हातपाय गार पडणं, न केलेल्या श्रमांचा थकवा, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटणं, यामागे हीच फेरवाटणी असते. रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं तेही यातूनच: दिवसा मूत्रपिंडांना मिळत नाही ते रक्त आडवं झाल्यावर, स्नायूंची मागणी थांबल्यावर मिळतं, आणि पायांतलं पाणीही वर येतं.

नॉरॲड्रिनॅलिनची किंमत मात्र हृदयच मोजतं. ठोके जलद पडले की हृदय सैल पडण्याचा वेळ कमी होतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः त्याच वेळात मिळतं. पेशींमध्ये कॅल्शियम साठतं, पेशी मरतात, ठोके बेताल होण्याचा धोका वाढतो. धमन्या आवळल्यामुळे त्याच कमजोर कप्प्याला जास्त विरोधाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. अमेरिकेत डॉ. जे कोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की रक्तातलं नॉरॲड्रिनॅलिन जितकं जास्त तितका रुग्णाचा मृत्यू लवकर. त्याआधी, १९७५ मध्ये, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला फिन वागस्टीन यांच्या गटाने सात रुग्णांना बीटा ब्लॉकर, म्हणजे नॉरॲड्रिनॅलिनचा हृदयावरचा परिणाम अडवणारी औषधं, दिली होती आणि ते सुधारले होते. त्या काळी हृदय कमजोर असताना त्याचा वेग कमी करणारं औषध देणं धोक्याचं समजलं जाई, आणि ही गोष्ट सर्वमान्य व्हायला वीसेक वर्षं गेली. १९९९ साली बिसोप्रोलोल आणि मेटोप्रोलोल या बीटा ब्लॉकर गोळ्यांच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. याच्या उलट अनुभव १९९१ चा: हृदयाचा जोर वाढवणारं मिलरिनोन गोळीच्या रूपात दिलं तेव्हा मृत्यू वाढले. या दोन निकालांइतकं या आजाराचं स्वरूप उघड करणारं दुसरं काही मला माहीत नाही.

म्हणून वडिलांच्या चिठ्ठीवरची मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोल किंवा कार्वेडिलॉल ही बीपीसाठी नाही. ती अगदी लहान डोसमध्ये, अंगातलं पाणी उतरल्यावर सुरू करतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने वाढवत नेतात. सुरुवातीला थकवा थोडा वाढू शकतो, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर लोक चौथ्या दिवशी गोळी बंद करतात.

दुसरी साखळी मूत्रपिंडातून सुरू होते, आणि माझ्या मते ती समजणं सगळ्यात उपयोगाचं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या दोन मूत्रपिंडांकडे जातो. तिथे शिरणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीतल्या काही पेशी दाब कमी झाला, सिम्पथेटिक नसांनी इशारा दिला किंवा नलिकेतून पुढे जाणारं मीठ घटलं की रेनिन सोडतात. हे रेनिन १८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कातून शोधलं होतं. रेनिन यकृतात बनलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, आणि मुख्यतः फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं एसीई हे एन्झाइम त्या तुकड्यापासून अँजिओटेन्सिन-२ तयार करतं. एकटं अँजिओटेन्सिन-२ किती कामं करतं पाहा: धमन्या आवळतं, तहान लावतं, सिम्पथेटिक नसांना आणखी चेतवतं, मूत्रपिंडाकडून मीठ धरून ठेववतं, मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडायला लावतं. आणि हृदयाच्या स्नायूत तंतू वाढवून कप्प्याचा आकार बिघडवतं. यातलं शेवटचं काम रुग्णाला जाणवत नाही, पण पाच वर्षांनी पंपिंग किती राहील हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या ते एसीई अडवतात. १९८७ साली फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वेमध्ये अगदी गंभीर अवस्थेतल्या २५३ रुग्णांवर एनालाप्रिलची चाचणी झाली. सहा महिन्यांत तुलनेसाठी औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के दगावले, एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी २६ टक्के. हार्ट फेल्युअरच्या उपचाराची दिशा तिथून बदलली. या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला होतो, कारण तेच एन्झाइम ब्रॅडिकिनिन नावाचा पदार्थही मोडत असतं आणि तो साठतो. खोकला आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. दुसऱ्या गटातली गोळी मिळते.

अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम परत खेचतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. निरोगी माणसाला जास्तीचं अल्डोस्टेरॉन दिलं तर काही दिवसांत मूत्रपिंडं त्याला जुमानेनाशी होतात आणि मीठ सोडू लागतात. हार्ट फेल्युअरमध्ये ही सुटका होत नाही, मीठ धरलं जातच राहतं. किती पाणी धरलं जातं याचा हिशेब सोपा आहे. सलाइनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं, आणि शरीरातला द्रवही जवळपास तेवढाच खारट असतो. म्हणून ९ ग्रॅम मीठ अंगात अडकलं की लिटरभर पाणी त्याच्याबरोबर अडकतं आणि काट्यावर एक किलो वाढतो. पायावर अंगठा दाबल्यावर खळगा पडू लागतो तो काही लिटर साठल्यावर. त्यामुळे सूज दिसायच्या आधी वजन बोलतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर वडिलांना बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवतं. चिठ्ठीवर २५ मिलिग्रॅमची गोळी असेल तर तिला नुसती लघवीची गोळी समजू नका. १९९९ मधल्या चाचणीत या लहान डोसने गंभीर रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. तिचा धोका पोटॅशियम वाढण्याचा. आणि काही पुरुषांना स्तनाशी गाठ येऊन दुखतं. ते लाजून सांगत नाहीत. वडिलांना सरळ विचारा. तसं होत असेल तर एप्लेरेनोन ही पर्यायी गोळी आहे.

लघवीची खरी गोळी म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड. ती धाप आणि सूज झटकन उतरवते म्हणून रुग्णांचा तिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास. पण ती एकटीच दिली तर मीठ-पाणी घटल्याचा निरोप मूत्रपिंडाला जातो आणि रेनिन आणखी वाढतं. आराम देते, पण आजार रोखत नाही. बाकीच्या गोळ्या बंद करून फक्त तिच्यावर राहणारे रुग्ण मी फार पाहतो, आणि त्यांना पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हावं लागतं.

तिसरं हार्मोन व्हॅसोप्रेसिन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून ते एरवी रक्त खारट झालं की सुटतं आणि मूत्रपिंडाला नुसतं पाणी परत घ्यायला लावतं. हार्ट फेल्युअरमध्ये मात्र रक्त पातळ झालेलं असूनही, केवळ धमन्यांतला ताण कमी म्हणून ते सुटत राहतं. मग रिपोर्टमध्ये सोडियम १३५ च्या खाली उतरतं, कधी १२५-१२६ पर्यंत. आणि इथे आपल्याकडे हमखास एक गोष्ट घडते. रिपोर्ट पाहून कुणीतरी सांगतं, "सोडियम कमी झालंय, जेवणात मीठ वाढवा." मग लिंबू सरबतात मीठ, ताकात मीठ, पेजेत मीठ, आणि चार दिवसांत रुग्ण धापा टाकत परत येतो. अंगावर सूज असलेल्या या रुग्णाच्या शरीरात एकूण मीठ कमी नसतं, जास्तच असतं. पाणी त्याहून जास्त झालेलं असतं, म्हणून आकडा खाली दिसतो. अशा वेळी सहसा पाण्यावर मर्यादा घालावी लागते. उलटी-जुलाब झाले असतील किंवा लघवीची गोळी जास्त झाली असेल तर गोष्ट निराळी, म्हणून निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा. घरी मीठ वाढवायचं नाही.

हार्मोन वाढलंय म्हणजे ते अडवलं की फायदा, असं मात्र समजू नये. एंडोथेलिन हा १९८८ मध्ये जपानमध्ये सापडलेला पदार्थ रक्तवाहिन्या जबरदस्त आवळतो आणि हार्ट फेल्युअरमध्ये वाढलेला असतो. त्याला अडवून हाती काही लागलं नाही. व्हॅसोप्रेसिन अडवणाऱ्या टॉल्व्हॅप्टनने सोडियम सुधारतं, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. सिम्पथेटिक नसांना थेट मेंदूतूनच गप्प करणाऱ्या मॉक्सोनिडीनची चाचणी तर मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. कुठली कडी किती सैल करायची हे चाचण्यांतूनच ठरतं. तर्क कितीही सुंदर असला तरी त्यावर रुग्णाला गोळी देता येत नाही.

या सगळ्याच्या विरुद्ध दिशेला ओढणारं हार्मोन खुद्द हृदयच बनवतं. १९८१ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनला आडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि काही मिनिटांत त्यांची लघवी आणि तिच्यातलं मीठ कित्येक पटींनी वाढलं. हृदय ही ग्रंथीसुद्धा आहे हे तेव्हा ठामपणे कळलं. ते एएनपी. १९८८ मध्ये जपानमध्ये डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड सापडलं, ते बीएनपी. पण माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत बनतं, भिंत ताणली गेली की सुटतं. ही दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, मीठ बाहेर काढतात, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दाबतात. म्हणजे हृदय स्वतःच सांगत असतं की भराव कमी नाही, जास्त झालाय. पण रक्तात फिरणारा बराचसा भाग पूर्ण तयार न झालेला असतो, मूत्रपिंडं त्याला दाद देईनाशी होतात, आणि नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम उरलेलं मोडून टाकतं.

सॅक्युबिट्रिल त्या नेप्रिलायसिनला अडवतं. ते वल्सार्टनबरोबर एकाच गोळीत येतं, म्हणजे एका बाजूने हृदयाचं स्वतःचं हार्मोन टिकवायचं, दुसऱ्या बाजूने अँजिओटेन्सिन अडवायचं. २०१४ मध्ये या गोळीची तुलना एनालाप्रिलशीच झाली आणि हृदयामुळे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं सुमारे २० टक्क्यांनी आणखी घटलं. रॅमिप्रिल-एनालाप्रिलच्या गटातली गोळी आणि ही गोळी एकत्र कधीही घ्यायची नाही. बदलताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर चेहरा आणि घसा सुजून जिवावर बेतू शकतं. घरात जुन्या गोळ्यांची पाकिटं उरलेली असतील तर ती आजच बाजूला काढा.

बीएनपीची रक्ततपासणीही यातूनच आली. अचानक धाप लागलेल्या माणसाचं एनटी-प्रोबीएनपी (बीएनपी बनताना सुटणारा तुकडा) ३०० च्या आत असेल तर ती धाप हार्ट फेल्युअरची असण्याची शक्यता फार कमी. आकडा वाचताना वय, मूत्रपिंडाचा आजार आणि बेताल ठोके त्याला वाढवतात, लठ्ठपणा कमी दाखवतो, हे ध्यानात घ्यावं लागतं. सॅक्युबिट्रिल चालू असताना साधं बीएनपी औषधामुळेच वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तेव्हा एनटी-प्रोबीएनपी करावं.

इतर हार्मोन्सबद्दल थोडक्यात. दीर्घ आजारात थायरॉइडचं टी-३ हे हार्मोन खाली येऊ शकतं; टीएसएच नॉर्मल असेल तर त्यासाठी थायरॉइडची गोळी लागत नाही. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. पुढच्या टप्प्यात शरीर घडवणारी हार्मोन्स कमी आणि मोडणारी जास्त होतात. मांड्या आणि दंड सुकतात. अंगावर सूज असल्यामुळे वजनाच्या काट्यावर हे लपून राहतं, म्हणून सूज उतरल्यावर दंडाकडे नजर टाका.

आता मागे तुंबणाऱ्या रक्ताकडे येऊ. डाव्या बाजूचा दाब फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांत चढला की पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांभोवती साठतं. यालाच लोक छातीत पाणी झालं म्हणतात. आडवं झालं की पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे येतं आणि दाब आणखी चढतो, म्हणून वडिलांना सपाट झोपवत नाही. किती उशा लागतात हा मी प्रत्येक भेटीत विचारतो तो प्रश्न गप्पांसाठी नसतो. कालपर्यंत एक उशी पुरायची आणि आज तीन लागतात, ही बातमी एक्स-रेइतकीच मोलाची आहे. जुन्या रुग्णांत लसिकावाहिन्या जास्तीचं पाणी उपसायला सरावलेल्या असतात, त्यामुळे दाब चढलेला असूनही छाती स्टेथोस्कोपला स्वच्छ वाटू शकते.

उजव्या बाजूचा दाब बघायची जागा मान. रुग्णाला पाठीला ४५ अंशांचा आधार देऊन टेकवायचं, हनुवटी किंचित डावीकडे वळवायची आणि उजव्या बाजूने तिरपा उजेड टाकायचा. मानेतली शीर धडधडणाऱ्या धमनीसारखी ठोका देत नाही. मऊ, दुहेरी लाटेसारखी हलते, आणि बोट लावलं की दबते. ती लाट जबड्याच्या कोनापर्यंत चढलेली दिसली की उजव्या बाजूचा दाब बराच वाढलाय हे सांगायला मशीन लागत नाही. यकृतावर हळूच हात दाबून धरला आणि लाट वर चढून तिथेच राहिली, तर खात्री आणखी पक्की. तोच दाब यकृत सुजवतो, बरगडीखाली दुखतं, आतड्यांच्या भिंतीत पाणी भरतं. अशा सुजलेल्या आतड्यातून फ्युरोसेमाइडची गोळी उशिरा शोषली जाते, म्हणून घरी गोळीने लघवी होत नाही आणि हॉस्पिटलात तेच औषध शिरेतून दिलं की होते.

आणि तो दाब मूत्रपिंडावरही पडतो. मूत्रपिंडातून रक्त पुढे सरकतं ते धमनीतला दाब वजा शिरेतला दाब एवढ्या जोरावर. निरोगी माणसात सरासरी ९० वजा ५, म्हणजे ८५. हार्ट फेल्युअरमध्ये ७५ वजा २०, म्हणजे ५५. पुढचं गटार तुंबलं की मोरीतलं पाणी उतरत नाही, तसं हे आहे. त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा पदार्थ) वाढलेलं दिसलं की लघवीची गोळी बंद करायची, हा नियम इथे सरसकट चालत नाही. कित्येकदा पाणी उतरवल्यावरच क्रिएटिनिन सुधारतं. तसंच एसीई गटातली गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढणं सहसा चालण्यासारखं असतं. अँजिओटेन्सिन मूत्रपिंडातून बाहेर जाणारी धमनी आवळून गाळणीतला दाब टिकवत होतं, तो थोडा उतरला एवढाच त्याचा अर्थ.

राहिली शुगरची गोळी, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ती मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यात साखर आणि सोडियम एकत्र परत घेणारा रस्ता अडवते. २०१९ मध्ये पंपिंग कमी असलेल्या ४,७४४ रुग्णांवर डापाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली, त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह नव्हता, आणि फायदा दोन्ही गटांना सारखाच झाला. पंपिंग ५० च्या वर असूनही भिंती कडक झाल्यामुळे होणारं हार्ट फेल्युअर, जे बीपी, मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्या वयस्कर बायकांत फार दिसतं, त्यात बाकीच्या बहुतेक हार्मोन-औषधांचा फायदा तुटपुंजा आहे. तिथे हाच गट २०२१-२२ मधल्या चाचण्यांत उपयोगी ठरला. एक काळजी मात्र घ्यायची. कडक उपवास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ही गोळी थांबवावी लागते. वडील निर्जळी एकादशी करत असतील किंवा नवरात्राचे नऊ दिवस धरत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

घरातल्या ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त नुकसान होताना पाहिलंय ती म्हणजे दुखण्याची गोळी. एक गृहस्थ होते, पंपिंग २५ वरून ४० वर आलेलं, शेताच्या बांधावरून आरामात फिरायचे. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून दिवसातून दोनदा घेऊ लागले. आठवड्याभरात वजन चार किलोने वाढलं, लघवी घटली, पोटॅशियम ५.९ झालं, बसून रात्र काढायची वेळ आली. अशा रुग्णाच्या मूत्रपिंडात शिरणारी धमनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या पदार्थाच्या जोरावर उघडी असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या नेमकं तेच बंद करतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावं. विरघळणारी, फेस येणारी पॅरासिटामॉलची गोळी नको, तिच्यात सोडियम असतं.

मिठाबाबत सैंधव हा पर्याय नाही, तेही सोडियम क्लोराइडच आहे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेल्या माणसासाठी ते धोकादायक आहे. रोजचं शहाळंही त्याच कारणाने नको. पापड, लोणचं, फरसाण, उपवासाचे वेफर्स बंद केले तरी निम्मं काम होतं. भाजी-आमटीत बेताचं मीठ राहू द्या, नाहीतर माणूस जेवणच सोडतो आणि आधीच सुकत चाललेले स्नायू आणखी सुकतात.

बीपी ११० असताना या गोळ्या चालतात का? उभं राहिल्यावर चक्कर येत नसेल, लघवी नीट होत असेल तर वरचं बीपी १०० च्या आसपास असणं हे गोळ्या कमी करण्याचं कारण नाही. चक्कर येत असेल तर आधी लघवीची गोळी जास्त झालीय का हे डॉक्टर पाहतील, गोळ्यांच्या वेळा विभागून देतील. आणि वर्षभराने पंपिंग ५० झालं म्हणून सगळं थांबवायचं नाही. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात हृदयाच्या स्नायूच्या आजारातून पूर्ण सावरलेल्या रुग्णांची औषधं हळूहळू बंद करून पाहिली; सहा महिन्यांत ४० टक्क्यांहून जास्त जणांचं हृदय पुन्हा बिघडलं.

पुढच्या भेटीला जाताना वजनाची वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन झालंय का ते पाहा, पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डोस कमी करतात, ६ च्या वर गेलं तर औषध थांबवून तातडीने उपचार करतात. बीटा ब्लॉकर कुठल्या डोसपर्यंत न्यायचंय आणि केव्हा, हे लिहून मागा. आणि रात्री अचानक घाम फुटून उठून बसावं लागलं, खोकल्यातून गुलाबी फेस आला, किंवा बोलताना एक वाक्य पुरं करता येईना, तर फोन करत बसू नका, थेट आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात न्या, आणि नेताना वडिलांना आडवं झोपवू नका, बसवूनच न्या.